तपासणीची पांढरी मोटार

मी एक जुनी पांढरी मोटार आहे. मित्रांनो, मोटार म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर लाल, चकचकीत, वाऱ्याशी शर्यत लावणारी गाडी उभी राहत असेल. मी तशी कधीच नव्हते. मी सरकारी मोटार आहे. कारखान्यातून निघाले तेव्हाच माझ्या पुढच्या दारावर शिक्षण कचेरीचा गोल शिक्का बसला आणि माझी सगळी चैन तिथेच संपली. कोलोरॅडोच्या दक्षिणेला डोंगरांनी वेढलेले बटाट्याचे एक खोरे आहे. तिथल्या जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीत मी आयुष्यभर राबले.

रोजचे काम साधे होते. ऑर्व्हिल नावाचा म्हातारा चालक शाळाशाळांतून टपालाची पिशवी फिरवायचा. तो गाणी भसाड्या आवाजात म्हणायचा, पण ब्रेक मात्र हळुवार दाबायचा. माझे मानाचे काम वेगळेच होते. सनदी शाळांच्या तपासणीला मी जायचे.

सनदी शाळा म्हणजे काय, ते सांगते. काही पालक आणि शिक्षक एकत्र येतात आणि म्हणतात, आम्ही आमच्या पद्धतीने शाळा चालवतो, फी घेणार नाही, सरकारी पैशावरच चालवू. जिल्हा त्यांना पाच वर्षांची सनद देतो. मुलांना काय शिकवायचे, कोणते शिक्षक ठेवायचे, हिशेब कसा द्यायचा, हे सगळे त्या सनदेत असते. मग जिल्हा दरवर्षी जाऊन पाहतो, की बोलल्याप्रमाणे चालले आहे ना. पाचव्या वर्षी निवडून आलेले मंडळ ठरवते, सनद पुढे द्यायची की शाळेला कुलूप लावायचे.

यात एक मोठी गंमत होती. मूल सनदी शाळेत गेले की त्याच्या नावचे अनुदान जिल्ह्याच्या हातून त्या शाळेकडे जायचे. म्हणजे ज्याच्या घरून मुले गेली, तोच परीक्षक. माझ्या मागच्या आसनावर बसून कचेरीचे मोठे साहेब एकदा फोनवर म्हणाले होते, "बंद पडली तर पडू दे, पोरं आपल्याकडेच येतील." मी मोटार असल्यामुळे माझ्यासमोर सगळे मोकळेपणाने बोलत.

तपासणीला दोघे जण जायचे. डेल्फीनाबाई आर्चुलेटा वर्ग पाहायच्या आणि वेंडेल ओक्स हिशेब पाहायचा. बाई बारीक, सरळ बसणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. वेंडेल आडव्या अंगाचा, आत बसला की मी एका बाजूला कलायचे. तपासनिसाने शाळेचे काहीही खायचे-प्यायचे नाही, असा कडक नियम होता. त्यामुळे वेंडेल आपली कॉफी घरून आणायचा आणि रस्ताभर कुरकुर करायचा.

"स्वयंपाकघरातून हिरव्या मिरचीचा वास येत होता, डेल्फीना. माणसाने किती सोसायचं?"

"तू वासाचे पैसे देऊन ये," बाई म्हणायच्या.

आम्ही शाळेच्या मागच्या अंगणात शिरलो की मुख्याध्यापक स्वतः दार उघडायला येत. पाहुण्यांची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवलेली असे. मुले रांगेत, शिक्षक इस्त्रीच्या कपड्यांत. मला वाटायचे, हा मान माझा आहे. मी फुगून जायचे. खरी गोष्ट अशी होती, की भेटीची तारीख कचेरी कितीतरी आधी पत्राने कळवायची. तसा नियमच होता, आणि तो सभ्यपणाचा नियम आहे असे सगळे मानत.

आमच्या जिल्ह्यात सनदी शाळा दोनच. एक नदीकाठची आणि दुसरी जुनिपर शाळा. जुनिपर शाळा एका बंद पडलेल्या किराणा दुकानात भरायची. दुधाच्या कपाटांच्या जागी पुस्तके होती आणि गल्ला होता तिथे नकाशा. जिल्ह्याच्या मोठ्या शाळेत मागे पडलेली मुले तिथे येत. सनदेत एक कलम होते, की वाचनात अडणाऱ्या मुलांसाठी शाळा एक खास शिक्षिका ठेवील. त्या कलमावरच तर ती शाळा उभी होती.

तिथेच आयव्ही नावाची मुलगी होती, दहा वर्षांची. तिची आई एस्तेला ब्लेआ बटाट्याच्या गोदामात काम करायची. आयव्ही मोठ्या शाळेत दोन वर्षे मागच्या बाकावर बसून होती, कोणाच्या लक्षातही आले नव्हते. म्हणून आईने तिला इथे घातले होते. प्रत्येक तपासणीला आयव्ही डेल्फीनाबाईंना एक गोष्ट वाचून दाखवायची. बर्फात वाट चुकलेल्या कोल्ह्याची गोष्ट.

"काय वाचते ती पोरगी!" परतताना बाई म्हणायच्या. "एक शब्द अडत नाही. ती पेट्रा शिक्षिका सोन्यासारखी आहे."

आता मला जे ठाऊक होते, ते सांगते. तपासणीच्या दिवशी जुनिपर शाळेत माझ्या शेजारी एक छोटी निळी गाडी उभी असे. ती पेट्राची. पण टपालाची पिशवी घेऊन ऑर्व्हिलबरोबर मी त्याच अंगणात जायचे, तेव्हा ती निळी गाडी तिथे कधीच नसे. ती मला नदीकाठच्या शाळेत दिसायची, रोज. दोन शाळांत शिक्षिका एकच होती. जुनिपर शाळेत तपासणी असली, की तिला त्या दिवसापुरती तिकडे पाठवत. मला हे कळत होते, पण मला नुसता भोंगा होता, आणि भोंगा वाजवायलाही माणूस लागतो.

जुनिपर शाळेचे पाचवे वर्ष आले. फेब्रुवारीत शेवटची तपासणी होती आणि त्यानंतर मंडळापुढे सुनावणी. तपासणीच्या दोन दिवस आधी डेल्फीनाबाई एकट्याच शेजारच्या गावी बैठकीला निघाल्या होत्या. जुन्या किराणा दुकानासमोरच माझ्या पोटातून खडखडाट झाला, धूर निघाला आणि मी थांबले.

यात नवल काही नव्हते. तपासणीच्या आदल्या दिवशी मला धुऊन पुसून लखलखीत करत, पण माझ्या तेलाकडे कोणी वर्षभर पाहिले नव्हते. बाईंनी गाडी ओढून नेणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, वेळ लागेल. वारा असा होता की उभे राहवत नव्हते. बाई समोरच्या दाराने जुनिपर शाळेत शिरल्या.

मी पुढच्या रस्त्यावर पहिल्यांदाच उभी होते. दुकानाच्या त्या मोठमोठ्या काचांतून मला सगळे आत दिसत होते. रांगा नव्हत्या. मुले जमिनीवर पसरून लिहीत होती, भांडत होती, हसत होती. एक तरुण मास्तर एकाच वेळी तीन गटांना शिकवत होता, आणि मन लावून शिकवत होता. ती शाळा खोटी नव्हती, मित्रांनो. हे मुद्दाम सांगते. पण काचेजवळच्या कोपऱ्यात आयव्ही एकटी चित्र रंगवत बसली होती. बाई तिच्याशेजारी बसल्या. तिने आनंदाने कोल्ह्याचे पुस्तक काढले. बाईंनी ते हलकेच बाजूला ठेवून दुसरे उघडले. आयव्ही त्या पानाकडे बघत राहिली. मग तिने रंगीत खडू उचलला आणि मान खाली घालून पुन्हा रंगवू लागली.

थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या. त्यांच्या मागोमाग मुख्याध्यापक हॅस्केल कोट न घालताच धावत आले. दोघे माझ्या आडोशाला उभे राहिले.

"पेट्रा कुठे आहे?" बाईंनी विचारले.

"नदीकाठच्या शाळेत."

"आज?"

हॅस्केल यांनी काचेतून आत पाहिले. मग म्हणाले, "रोज. डेल्फीना, तीन वर्षं जाहिरात देतोय मी. या खोऱ्यात शिकवायला येतंय कोण? वारा, बटाटे आणि मी देतो तो पगार. तूच सांग."

"मग तसं कळवायचं होतंस."

"आणि तुम्ही काय केलं असतंत? कलम मोडलं म्हणून सनद काढून घेतली असतीत. आतल्या सगळ्या पोरांना परत त्याच मागच्या बाकावर पाठवायचं?"

"आयव्ही इथेही मागच्याच बाकावर आहे," बाई म्हणाल्या. "फक्त इथून रस्ता दिसतो."

हॅस्केल यांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट नव्हते. घाबरलेले होते. पण घाबरलेल्या माणसांमुळे एका मुलीची तीन वर्षे गेली होती, हेही खरेच.

मी दुरुस्त होऊन आले तेव्हा बाई आणि वेंडेल माझ्यात बसून बराच वेळ बोलत होते. इंजीन सुरू न करताच.

"एक ओळ लिहिलीस की शाळा बंद," वेंडेल म्हणाला. "साहेब तुला फुलं पाठवतील."

"फुलं घ्यायची परवानगी नाही आपल्याला."

"चेष्टा नको. लिहिलं नाहीस तर?"

"तर आयव्ही अजून पाच वर्षं तो पाठ केलेला कोल्हाच वाचेल." बाईंनी स्टिअरिंगचे चाक घट्ट धरले होते. "आणि आपण रे? इतकी वर्षं आपण पत्र पाठवून, आंघोळ करून जातोय. आपल्याला काय दिसणार होतं? हेही लिहीन मी."

"साहेबांना ते नाही आवडायचं."

"न आवडू दे."

सुनावणीच्या दिवशी संध्याकाळी कचेरीचे अंगण गाड्यांनी भरून गेले. एस्तेला गोदामातून तशीच आली होती, कपड्यांवर माती. बाई माझे दार लावत होत्या, तिथेच तिने त्यांना गाठले.

"मॅडम, तुम्ही शाळेविरुद्ध लिहिलंय म्हणे. बरं वाटलं का? शाळा बंद झाली तर माझ्या पोरीला कुठे नेऊ मी? परत तिथेच, जिथे तिचं नावसुद्धा कोणाला माहीत नव्हतं?"

"मिसेस ब्लेआ, आयव्ही घरी वाचते का?"

"रोज. झोपायच्या आधी मला वाचून दाखवते."

"कोणतं पुस्तक?"

"ते कोल्ह्याचं. तिला तेच आवडतं." एस्तेला बोलता बोलता थांबली. तिने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि माझ्या टपावर हात टेकला. "तेच आवडतं, असं म्हणते ती," एस्तेला हळू आवाजात म्हणाली.

बाई तिच्याजवळ उभ्या राहिल्या. मग दोघी एकत्रच आत गेल्या.

आत काय झाले ते मला वेंडेलकडून कळले. माझ्यातून घरी जाताना तो एकटाच बडबडत होता आणि मधूनच डोळे पुसत होता. पालक एकामागून एक उठून शाळेची स्तुती करत होते. साहेब कलमावर बोट ठेवून बसले होते. मग एस्तेला बोलायला उभी राहिली. ती म्हणाली, "ही शाळा राहू द्या. आणि माझ्या मुलीला वाचता येत नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही लिहून घ्या." एवढेच बोलून ती खाली बसली.

मंडळात एका मताच्या फरकाने निर्णय झाला. सनद मिळाली, पण एकाच वर्षाची. त्या वर्षात शाळेने शिक्षिका नेमायची. ती मिळेपर्यंत जिल्ह्याने आपली वाचनाची शिक्षिका आठवड्यातले काही दिवस तिथे पाठवायची. आणि तपासणीची तारीख आधी कळवायची नाही, शिक्क्याची मोटारही न्यायची नाही.

असा माझा मान गेला. डेल्फीनाबाई आपल्या जुन्या ट्रकमधून शाळांत जाऊ लागल्या. ऑर्व्हिल निवृत्त झाला आणि टपाल संगणकावरून जाऊ लागले. मला कुंपणाशी नेऊन ठेवले. पहिल्या हिवाळ्यात माझ्यावर बर्फ साचला, तो कोणी झाडला नाही. उंदरांनी मागच्या आसनात घर केले. दारावरचा शिक्का एकाने खरवडून काढला, त्याचा गोल डाग राहिला. मला वाईट वाटत होते. खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, तुमच्याही शाळेत कोणी तपासायला येईल. त्या दिवशी नवे कपडे जरूर घाला. पण तुमच्यात एखादा अडलेला असेल, तर त्याला चित्र रंगवायला कोपऱ्यात बसवू नका. त्याला पुढे आणा. पाहुण्याला सांगा, हा इथे अडला आहे. आणि तुम्ही मोठे होऊन कुठे तपासायला गेलात, तर न सांगता जा, आणि जे दिसेल त्याला मदत करायलाही तयार राहा.

गेल्या आठवड्यात कचेरीच्या जुन्या सामानाची विक्री होती. माझ्या काचेवर कागद चिकटवला होता. एस्तेला स्वस्तातली गाडी पाहायला आली होती, बरोबर आयव्ही. आई माझी चाके लाथेने तपासत होती. आयव्ही माझ्यापुढे उभी राहिली, कागदावर बोट ठेवले आणि ओठ हलवू लागली. तिला कोणी सांगितले नव्हते. तो कागद तिने आधी पाहिलाही नव्हता.

"वि... विकणे आहे," ती म्हणाली. बोट पुढे सरकले. "ज... जशी आहे तशी."

एस्तेलाचा पाय तिथेच थांबला. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"काय लिहिलंय?" तिने विचारले. "परत वाच."

आयव्हीने बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर ठेवले.