फुलटोच्याचा मृत्युलेख

कचेरीत त्याला सगळे कानसेन म्हणायचे. हे नाव त्याला इतकं आवडायचं, की ते मुळात चिडवायला ठेवलं होतं हे तो सोयीस्कर विसरून गेला होता. कालव्याच्या कडेने ठरवून दिलेल्या बारा जागा होत्या. उजाडताना प्रत्येक जागी दहा मिनिटं उभं राहायचं आणि जो पक्षी दिसेल किंवा ऐकू येईल तो वहीत टिपायचा, एवढंच त्याचं काम. हवा तापत चालली होती, कालव्यापलीकडे गोदामं आली होती, त्यांचे रात्रभर जळणारे दिवे आले होते. या सगळ्याचा पाखरांवर काय परिणाम होतो ते कळावं म्हणून खातं त्याला सव्वीस वर्षं पगार देत होतं. गर्द पानांत दिसतं काय, कपाळ! दहातले नऊ पक्षी कानानेच मोजावे लागतात.

मोजणीचा पहिला नियम असा, की मोजणाऱ्याने आपल्याकडून काही बदलायचं नाही. कानसेनने तो नियम डोक्यावर घेऊन नाचायचंच बाकी ठेवलं होतं. तोच माणूस, त्याच जागा, त्याच वेळा, तशीच पेन्सिल. चौथ्या जागेवर एक फांदी वाढत वाढत त्याच्या नाकाशी आली, तरी हा पठ्ठ्या अर्धं पाऊल सरकला नाही. तीन वर्षं तो दहा-दहा मिनिटं पानं हुंगत उभा राहिला, शेवटी वादळाने त्याची सुटका केली. सगळं म्हणजे सगळं त्याने जसंच्या तसं ठेवलं होतं. फक्त स्वतःचं वय जसंच्या तसं ठेवता येत नाही, ही किरकोळ गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

त्याची खरी कीर्ती होती ती फुलटोच्यामुळे. हा पक्षी अंगठ्याएवढा, आणि आवाज असा बारीक की काचेवर सुई टेकवावी. आठ वर्षांपूर्वी बारा जागांवर मिळून असे एकतीस फुलटोचे वहीत होते. मग बावीस झाले, मग चौदा, मग पाच, आणि गेली दोन वर्षं शून्य. कानसेनने त्यावर दोन पानी टिपण लिहिलं. कचेरीत त्याला ‘मृत्युलेख’ म्हणत. व्याख्यानात तो वाचताना शेवटच्या परिच्छेदाला त्याचा गळा दाटून यायचा, आणि प्रत्येक वेळी त्याच शब्दावर दाटून यायचा. यंदा पक्षी आणि वटवाघळं यांचा मिळून मोठा अहवाल निघणार होता. गोदामांचे दिवे कमी करायचे की नाही हे त्यावरून ठरायचं होतं. शुक्रवारी तो रवाना व्हायचा होता, आणि मुखपृष्ठावर फुलटोच्याचा खाली घसरत गेलेला आलेख छापून तयार होता.

मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात बसून तो मृत्युलेखावर शेवटचा हात फिरवत होता. बायको शाळेत मुख्याध्यापिका. दुसऱ्याच्या वहीत डोकावायची सवय तिला जन्माची. तिने खांद्यावरून चित्र पाहिलं.

“हा मेला म्हणता?”

“या भागातून संपला. नामशेष.”

“अहो, काय सांगता! हा तर समोरच्या झाडाच्या बांडगुळावर बसून रोज सकाळी माझं डोकं खातो. आत्तासुद्धा ओरडतोय मेला.”

“कुठे ओरडतोय? काही नाही.”

“हा काय, टिक्-टिक्-टिक्. कानात घड्याळ घातल्यासारखा.”

“अगं, कुणीही ओरडत नाहीये.”

बायकोने हातातला चमचा खाली ठेवला. नवरा आपलं ऐकत नाही, अशी तिची आठ वर्षांपासून तक्रार होती. त्याला ऐकू येत नाही, असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. इतकी वर्षं ज्याला माजोरडा समजून आपण भांडलो तो नुसता बहिरा निघाला, याचा तिला दयेपेक्षा रागच जास्त आला. तिने त्याची मान धरून खिडकीबाहेर काढली आणि बोट दाखवलं. बांडगुळावर फुलटोच्या होता. चोच उघडत होता, मिटत होता, शेपूट हलवत होता. आवाज बंद केलेला टीव्ही पाहावा तसा कानसेन त्याच्याकडे पाहत राहिला.

कचेरीत गेल्यावर तो थेट वाघळिणीच्या टेबलाशी गेला. वाघळीण म्हणजे वटवाघळं मोजणारी बाई. त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, जिभेने मात्र वडील. माणसाला ऐकू न येणारे वटवाघळांचे आवाज टिपायला तिने त्याच बारा जागांवर दोन वर्षांपासून यंत्रं टांगली होती. ती संध्याकाळी चालू व्हायची आणि सूर्य वर आल्यावर बंद. पहाटेचं सगळं पाखरांचं असतं म्हणून ती तेवढा भाग न बघताच बाजूला टाकायची.

“मला चौथ्या जागेची पहाट दाखव,” तो म्हणाला.

तिने पडद्यावर आवाजाच्या रेघा उघडल्या. “ही वरची बारीक टिंबं दिसतात ना दादा, तो तुमचा फुलटोच्या. सहा वाजून बारा मिनिटं. आणि ही खाली जाडी रेघ आहे ना, तो तुमचा खोकला.”

म्हणजे तो तिथे उभा होता. पक्षी डोक्यावर ओरडत होता, आणि हा खाली वहीत शून्य लिहीत होता. दोघांनी दुपारपर्यंत बाराही जागा तपासल्या. सव्वीस फुलटोचे निघाले.

“तुला माहीत होतं?”

“शंका होती. सहा वर्षांपूर्वी तुम्ही वहीत टिपलं होतंत, ‘पाण्याच्या टाकीतली वटवाघळं अलीकडे गप्प उडतात. स्वभावात बदल?’ अहो, काही वटवाघळांची किचकिच तरुण कानांना ऐकू येते. वय झालं की नाही येत. वटवाघळं कशाला गप्प बसतील?”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणाला होतात, यंत्राला कान असतात पण अक्कल नसते. म्हटलं, अक्कलवाल्यांच्या नादी कोण लागतंय.”

कानसेन उठला आणि तडक साहेबांच्या खोलीकडे निघाला.

साहेबांनी सगळं ऐकलं, दार लावलं आणि खुर्ची पुढे ओढली. “कुणाकुणाला माहीत आहे?”

“बायकोला आणि वाघळिणीला.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” साहेब म्हणाले. “यंत्र चूक असू शकतं. दिवे वाईट आहेत हे तर खरंच ना? मग फुलटोच्याने दिव्यांमुळे मरायला काय हरकत आहे? आणि एक सांगतो. हे बाहेर आलं तर तुमची आठ वर्षं खोडावी लागतील आणि उद्यापासून तुम्हाला मोजणीला पाठवता येणार नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली तुमची. टेबलावर बसून काढाल?”

कानसेन घरी आला तो तोंड वाकडं करूनच. उजाडतानाचा कालवा नसेल तर आपण कोण, हा प्रश्न त्याला सत्तावन्न वर्षांत पडला नव्हता. तो आता पडला आणि जेवण जाईना. गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? फुलटोच्या काही तक्रार करायला कचेरीत येणार नव्हता.

“मला एकच सांगा,” बायको म्हणाली. “तुम्हाला तो मेलेलाच हवाय का?”

तिने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. ज्या पाखरासाठी तो गावोगाव गळा काढत फिरला होता, ते सकाळी खिडकीसमोर धडधाकट बसलं होतं, आणि त्याच्या मनात पहिला विचार आला होता तो आनंदाचा नव्हता. ‘आता मुखपृष्ठाचं काय?’ असा होता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

बुधवारी त्याने साहेबांच्या टेबलावर लेखी कबुली ठेवली. साहेबांनी आदळआपट केली, अहवाल पंधरा दिवस पुढे ढकलला आणि त्याला कानाच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरने कानांना भोंगे लावून सूर वाजवले. बारीक सुरांत कानसेन साफ नापास झाला. “पण जाड सूर मात्र विशीतल्या पोरासारखे ऐकू येतात तुम्हाला,” डॉक्टरने समजूत घातली. कानसेनला त्या समजुतीत काही गोडी वाटली नाही.

मग लाल पेन्सिल घेऊन तो आपल्याच तक्त्यांसमोर बसला. फुलटोच्या खोडला. चष्मेवाला पक्षी खोडला. बारीक आवाजाच्या पाच जाती आठ वर्षांच्या खोडल्या आणि भराभर पानं उलटली. उरले जाड आवाजाचे, ज्यांच्यावर त्याचा कान आजही शंभर नंबरी होता. कावळे होते तेवढेच होते. त्याखाली होल्याची ओळ होती. अठ्ठावन्न. एक्कावन्न. एकोणचाळीस. तीस. एकोणीस. अकरा. सात. चार.

त्याने ओळ पुन्हा वाचली. अक्षर त्याचंच होतं. दर वर्षी त्यानेच प्रामाणिकपणे लिहिलेले आकडे होते ते. पण होला म्हणजे घराघरांच्या गच्चीवर घुमणारं मातकट पाखरू. होला कमी झाला म्हणून कुणी व्याख्यानाला बोलावत नाही. जिवंत पक्ष्याचा मृत्युलेख घासूनपुसून लिहिण्यात तो इतका रंगला होता, की शेजारच्याच ओळीत खरोखर कुणी संपत चाललंय हे त्याच्या गावीही नव्हतं. वाघळिणीच्या यंत्रांनीही गेल्या दोन वर्षांचे तेच आकडे दिले. तिने थट्टा केली नाही, तेव्हा त्याला जास्तच वाईट वाटलं.

मोजणी दुसऱ्याच्या हाती द्यायची तर एक फेरी दोघांनी शेजारी उभं राहून करायची, म्हणजे जुन्या आणि नव्या कानांतला फरक कळतो, असा खात्याचा नियम होता. नवा माणूस अजून नेमलेला नव्हता. “मी येते,” बायको म्हणाली. “शाळेत शेवटच्या बाकावरची कुजबुज मला फळ्याशी उभं राहून ऐकू येते.” साहेबांनी कटकट नको म्हणून सही केली, आणि वाघळिणीने यंत्रावर आवाज वाजवून तिच्याकडून पाखरं पाठ करून घेतली.

कालव्याकाठी तिने त्याची अब्रू धुवून टाकली. दर अर्ध्या मिनिटाला त्याच्या बरगडीत कोपर बसत होतं. “हा फुलटोच्या. हा दुसरा. हा चष्मेवाला, लिहा.” त्याला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, तो निमूटपणे लिहीत होता. सहाव्या जागेपर्यंत तर तिला गंमतच वाटायला लागली होती.

सातवी जागा होल्यांची. काटेरी झाडांची ती रांग पूर्वी पहाटे घुमून घुमून नुसती भंडावून सोडायची. कानसेनने घड्याळ लावलं आणि डोळे मिटले. इथे त्याला कुणाच्या कोपराची गरज नव्हती. एक मिनिट गेलं, चार गेली. दूर कुत्रं भुंकलं, गोदामाचं दार वाजलं, सगळं त्याला स्पष्ट ऐकू आलं. आठव्या मिनिटाला त्याने तळमळून मनात म्हटलं, की डॉक्टर चुकला असू दे, माझे जाड सूरही गेलेले असू देत.

“अगं,” तो हळूच म्हणाला, “होला ऐकू येतोय का तुला?”

नवऱ्याला चुकीत पकडायची संधी तिने लग्न झाल्यापासून कधी सोडली नव्हती. ती मान कलती करून, श्वास रोखून ऐकत राहिली. दहावं मिनिट पूर्ण होऊन घड्याळ वाजलं, तरी ऐकत राहिली.

“नाही हो,” ती म्हणाली. “मलाही नाही.”

कानसेनने होल्यापुढे शून्य लिहिलं आणि शेजारी तिची सही घेतली.