उन्हाची वाटणी

जळगावात उन्हावरून भांडण झालेलं घर माझ्या माहितीत एकच आहे आणि ते आमच्याच कॉलनीत आहे. बाकी लोक पाण्यावरून भांडतात, गाडी लावण्यावरून भांडतात, कुत्र्यावरून भांडतात. ऊन मात्र आमच्याकडे एवढं आहे की कोणी पोतं भरून न्यायला आला, तर आपण पोत्याचं तोंड धरून उभे राहू. अशा गावात कौतिकआबा आणि त्यांची सून सुलक्षणा यांच्यात गच्चीवरच्या उन्हासाठी चार महिने बोलणी चालली होती. भांडण म्हणवत नाही, कारण दोघंही एकमेकांशी फार आदराने वागत. त्यामुळेच ते मिटत नव्हतं.

कौतिकआबा मूळचे भडगावचे. वजनमापांचे निरीक्षक म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. दुकानातली खोटी वजनं पकडणं ही त्यांची नोकरी होती आणि छंदही तोच. निवृत्त झाल्यावर पकडायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी गच्चीवर कुंड्या मांडल्या. पावसाळ्यात गिलकी आणि दोडके, थंडीत मेथी, टमाटे, कांद्याची पात आणि भरताची हिरवी वांगी. उन्हाळ्यात गच्चीवर फक्त आबा उगवत. जे निघेल ते आधी तोलायचं आणि मग स्वयंपाकघरात द्यायचं, हा नियम. मेथीच्या जुडीलाही त्यातून सुटका नव्हती.

सुलक्षणा धुळ्याची. तिने खालच्या खोलीत दोन मोठे ओव्हन मांडून बेकरी चालवली होती. दिवाळीत नानकटाई, थंडी पडली की बाजरीची खारी बिस्किटं, डिसेंबरात मनुका घातलेला केक, जो आमची कॉलनी चहात बुडवून खाते, आणि बारा महिने केळ्याचा केक. जळगावच्या माणसाला केळं विकत घ्यायला लावणं सोपं नाही. तिने ते केकमध्ये लपवून विकलं.

ओव्हन वीज खात होते, म्हणून आबांचा मुलगा भूपेंद्र याने गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. कुंदन नावाचा सोलरवाला येऊन गच्ची बघून गेला. जाताना म्हणाला, "जागा एक नंबर आहे. फक्त ह्या कुंड्या हलवा."

"कुठे हलवू?" आबांनी विचारलं.

"सावलीत."

"सावलीत वांगं येत नाही."

"सावलीत सोलर पण येत नाही, आबा."

बोलणी तिथून सुरू झाली. आबा म्हणत, झाडांचा उन्हावर पहिला हक्क आहे. सुलक्षणा म्हणे, "आबा, हक्क तुमचाच, मी फक्त विचारतेय." मधूनच आबांच्या पत्नी ताईबाई जिन्यातून ओरडत, "अहो, बठ्ठं ऊन तुम्हनंच शे का?" बठ्ठं म्हणजे सगळं. ताईबाईंची अहिराणी शहरात येऊन चाळीस वर्षं झाली तरी पातळ झालेली नव्हती.

शेवटी आषाढी एकादशीला आबांनीच अट घातली. त्या दिवसापासून त्यांच्या घरात वांगं बंद होतं, ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून सुटतं. आबा म्हणाले, "चंपाषष्ठीला माझ्या कुंड्यांतल्या वांग्यांचं भरीत चार माणसांना पोटभर पुरलं, तर कुंड्या राहतील. नाही पुरलं, तर मी स्वतः उतरवीन."

"तुमचा शब्द?" भूपेंद्रने विचारलं.

"शब्दाचं काय घेऊन बसलास, लिहून घे."

भूपेंद्रने खरंच लिहून घेतलं. मुलगा आबांचाच होता.

अट घालण्यामागे आबांचा हिशोब होता. गेल्या वर्षी झाडांनी ऐन चातुर्मासात फळं दिली. घरात खाता येईना. मग काहीच न पाळणारी आमची कॉलनी ती खाऊन गेली, आणि त्यात मीही होतो. चंपाषष्ठीला झाडांवर नुसती पानं. म्हणून या वर्षी आबांनी फळ तिथीला आणायचं ठरवलं. छाटल्यावर किती दिवसांनी फुटवा, किती दिवसांनी फूल, किती दिवसांनी फळ, हे त्यांनी कॅलेंडरवर उलटं मोजलं आणि दसऱ्यानंतर एके सकाळी अकराही कुंड्यांतली झाडं गुडघ्यापासून छाटली. ज्या माणसाने तीस वर्षं कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्याने झाडाच्या शब्दावर ठेवला.

मग थंडी लवकर पडली. झाडं आपल्या चालीने चालली. चंपाषष्ठीच्या आदल्या संध्याकाळी अकरा कुंड्यांत जांभळी फुलं अशी भरली होती की लग्नाचा मांडव वाटावा. वांगं मात्र एकच होतं. आबांनी ते झाडावरच ठेवून खालून काटा धरला. चौऱ्याऐंशी ग्रॅम.

ताईबाई कपडे काढायला वर आल्या होत्या. त्यांनी वांगं पाहिलं, आबांचं तोंड पाहिलं.

"नशिराबादले हायवेवर ढीग पडेल शेतस. जा, चार लई या. कोनले समजस?"

"मला समजेल."

"तुम्हले तं बठ्ठंच समजस," ताईबाई म्हणाल्या आणि कपडे घेऊन उतरल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आबा वर गेले आणि दारातच थांबले. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या कुंडीत एकेक वांगं लोंबत होतं. हिरवंगार, तकतकीत, लहान मुलाच्या डोक्याएवढं. वजनाने झाडं पार कुंडीच्या काठावर टेकली होती, पाहुण्याचं सामान उचललेल्या यजमानासारखी.

आबा जवळ गेले. देठ कापलेला होता आणि कापल्या जागी सुकलेला होता. दोन वांगी गुलाबी फितीने फांदीला बांधली होती, तीच फीत जी सुलक्षणाच्या केकच्या खोक्यांवर असते. तिसऱ्याच्या फितीवर 'हॅपी बर्थडे' छापलेलं होतं.

आबा पालथ्या बादलीवर बसले. नजरेनेच त्यांनी तिन्हींचं वजन केलं. दोन किलोच्या वर. चार माणसांना पुरून शेजारी एक वाटी जाईल. फिती सोडायच्या, वांगी खाली न्यायची, एवढंच काम होतं. कोणी काही विचारणार नव्हतं. जी विचारू शकत होती, तिनेच ती बांधली होती. कुंड्या राहिल्या असत्या. पुढच्या महिन्यात त्या सगळ्या फुलांची वांगी झाली असती. आबांनी एकदा हातही पुढे केला.

तेवढ्यात सुलक्षणा वर आली. हातात फडक्याने झाकलेलं मोठं पातेलं.

"आबा, आली का वांगी?" तिने विचारलं. आवाज इतका साधा होता की कोणालाही संशय यावा.

"आली," आबा म्हणाले. "एकाचा तर वाढदिवस आहे."

सुलक्षणाने नवव्या कुंडीकडे पाहिलं. "अगं बाई. घाईत रीळ बदललं वाटतं."

"तुला सोलर पाहिजे ना?"

"पाहिजे."

"मग हे कशाला?"

तिने पातेलं कठड्यावर ठेवलं. "तुम्ही हरलात तर कुंड्या जातील. कुंड्या गेल्या की तुम्ही दिवसभर खाली बसाल, माझ्या ओव्हनसमोर. दिवाळीत तुम्ही माझ्या नानकटाया तोलल्या. एकेक."

"तीन ग्रॅमचा फरक होता."

"हेच म्हणतेय मी." तिने पातेल्यावरचं फडकं सारखं केलं. "आणि तुम्ही काल जेवला नाहीत धड. मला नाही बघवत ते."

आबा फुलांकडे बघत म्हणाले, "पाचोऱ्याला एक दुकानदार होता. त्याचं किलोचं वजन पकडलं मी. आतून पोखरलेलं. तो म्हणाला, साहेब, वजन खोटं आहे, पण माणूस खरा आहे. आणि होता हो खरा. बायको आजारी, घरात सहा तोंडं."

"मग सोडलंत त्याला?"

"वजन जप्त केलं."

"आणि माणूस?"

"त्याच्याकडे चहा घेतला. दुसऱ्या दिवशी, नोकरीच्या वेळेबाहेर."

आबा उठले. तिन्ही फिती सोडल्या, नीट गुंडाळल्या आणि सुनेच्या हातात दिल्या. "वजन खोटं आहे, पोरी. आज सण आहे. कुंड्या उद्या उतरवतो."

सुलक्षणाने पातेलं उचललं आणि पाण्याच्या टाकीकडे गेली. टाकी लोखंडी स्टँडवर उंच बसवलेली होती. ती वाकून तिच्या खाली शिरली आणि पातेलं आत ठेवून आली.

"अंधारात कुठे ठेवलंस?" आबांनी विचारलं.

"अंधार कुठला? तासाभरात बघा. पावाचं पीठ आहे, थंडीत फुगत नाही. थंडीत ऊन तिरकं होतं ना, ते टाकीच्या पोटाखालून आत शिरतं आणि चार वाजेपर्यंत हलत नाही. उघड्या गच्चीवर ठेवलं तर वाऱ्याने गार पडतं."

"आणि मे महिन्यात?"

"मे महिन्यात ऊन डोक्यावर. तेव्हा टाकीखाली गारवा. कॉलनीतली सगळी मांजरं तिथेच..." ती बोलता बोलता थांबली.

आबांनी टाकीकडे पाहिलं. सुलक्षणानेही पाहिलं. मे महिन्यात आबांची झाडं दर वर्षी होरपळून जात, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि त्याबद्दल आजवर दोघांनी एकत्र कधी विचार केला नव्हता. इतके महिने एकमेकांशी आदराने वागल्याचा हा परिणाम.

"तिरकं ऊन," आबा म्हणाले.

"किती उंच, त्यावर आहे पण सगळं," सुलक्षणा म्हणाली. मग खालून ताईबाईंची हाक आली आणि दोघं उतरली.

आबांचं चौऱ्याऐंशी ग्रॅमचं वांगं ताईबाईंनी कपाशीच्या काड्यांवर भाजलं. त्या काड्या भडगावहून आणलेल्या होत्या आणि वर्षभर पलंगाखाली ठेवलेल्या होत्या. बाजारची तिन्ही वांगी सुलक्षणाने ओव्हनमध्ये टाकली. ताईबाईंना ते पटलं नाही. त्यांच्या मते काड्यांवर वांगं भाजतं आणि ओव्हनमध्ये ते फक्त घाबरतं. त्यातलं एक न टोचता टाकलं होतं, ते आत फुटलं आणि ओव्हनचं दार आतून हिरवं झालं. "धुळ्याले वांगं टोचानं शिकाडतस नही का?" ताईबाई म्हणाल्या. "धुळ्याला वांगी एवढी माजलेली नसतात, आत्या," सुलक्षणा म्हणाली.

नैवेद्य आबांच्या वांग्याचा दाखवला. मग कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर तो चार ताटांत वाढला. प्रत्येकाला करंगळीच्या पेराएवढा.

भूपेंद्रने ताटाकडे पाहिलं. "आबा, ही चटणी आहे का?"

"भरीत आहे. चार माणसांना पुरलं नाही. मी हरलो. तुझा कागद आण, सही करतो."

भूपेंद्रने ते पेराएवढं भरीत खाल्लं. मग बोट चाटलं. मग पुन्हा चाटलं. "आबा," तो म्हणाला, "हे अजून कधी मिळेल?"

"झाडं राहिली असती तर महिन्याने."

ताईबाईंनी दुसरी कढई मध्ये आणून ठेवली, उरलेल्या दोन वांग्यांची, शेंगदाणे, मिरची आणि पात घातलेली. "हाई बाजारनं शे. गुपचूप खाई ल्या." सगळ्यांनी खाल्लं. ते वाईट नव्हतं. कोणी बोट मात्र चाटलं नाही.

कुंड्या दुसऱ्या दिवशी उतरल्या नाहीत. आबा सकाळपासून जिन्यात उभे होते, पण सुलक्षणाने पहिल्या पायरीवर खारी बिस्किटांचे ट्रे मांडून ठेवले होते आणि ते गार होईपर्यंत कोणालाही जायला जागा नव्हती. ते तीन दिवस गार होत राहिले. चौथ्या दिवशी कुंदन आला. गच्चीवर अकरा कुंड्या जागच्या जागी, आणि त्यांच्यामध्ये उकिडवे बसलेले आबा फुलं झडून धरलेली फळं मोजत होते. सव्वीसपर्यंत आले होते.

"वहिनी, कुंड्या तशाच?" कुंदन म्हणाला.

"तशाच. पॅनेल वर जाऊ देत. उंच पायांवर, टाकीच्या स्टँडसारखे. आणि दोन ओळींच्या मध्ये मोकळी जागा सोड, थंडीत ऊन खाली आलं पाहिजे."

"एवढं उंच? लोखंड वाढेल, पाया पक्का करावा लागेल." कुंदनने मान खाजवली. "खाली असं ठेवणार काय तुम्ही?"

"आमचे आबा," सुलक्षणा म्हणाली.

कुंदनने वर आभाळाकडे पाहिलं, खाली आबांकडे पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. "सात फूट पुरेल?"

"आठ," आबा न वळता म्हणाले. "आणि टेप माझ्यासमोर धर."