गालातली लवंग

लवंगेचा देठ टोचत होता, यशोदाच्या डाव्या गालात, नेमका सुजलेल्या हिरडीला — आणि माईने, तिच्या आईने, बजावलं होतं, चावू नको, गिळू नको, नुसती धरून ठेव. धरून ठेव म्हणे! बांद्याचे पाहुणे तिला पाहायला ओटीवर येऊन बसले होते, मुलगा मधू, पोस्टात कारकून, आणि त्याची आत्या राधाबाई. आणि आत चुलीपाशी यशोदा पोह्यांवर खोबरं पेरत मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होती. बांद्यात शाळा आहे, लग्नानंतर मला तिथे शिकवू द्याल का? एवढंच. बाकी मुलगा कसाही असो, सासू खाष्ट असो... चालवून घेईन. शिकवणं तेवढं सोडणार नाही.

"जास्त बोलू नको गो," माई पुन्हा पुटपुटली. "आनि बोललंसच तर पदर धर तोंडार."

पदर! वर्गातसुद्धा फळ्याकडे तोंड करून शिकवायची सवय लागली होती. पुढच्या बाकावरच्या मुली वासाने हळूच मागे सरकतात ते दिसलंच नाही असं दाखवायचं. बेळगावच्या दातांच्या डॉक्टरने सांगितलं होतं, हवेशिवाय जगणारे जंतू आहेत हे, हिरडीखालच्या फटीत राहतात, मोकळी हवा त्यांना मानवत नाही. वर हसून म्हणाला, बाई, सगळ्यांच्याच तोंडात असतात, पोटातही असतात, तुमच्याकडे जरा जास्त सुखावलेत. सुखावलेत! मिठाच्या गुळण्या झाल्या, कडुलिंबाची काडी झाली, डॉक्टरचं जांभळं औषध झालं — ढिम्म हलत नाहीत मेले. आणि त्यांच्यापायी मी माझ्याच घरात मुकी.

ती पोहे घेऊन बाहेर गेली. राधाबाईने पायापासून केसांपर्यंत पाहून घेतलं. मधू खाली बघत होता, मग एकाएकी मान वर करून, ऑफिसात बोलावं तसं, जरा अडखळत त्याने विचारलं, "शाळेत काय शिकवता तुम्ही?"

हेच तर हवं होतं! विज्ञान शिकवते म्हणायचं आणि त्याच दमात पुढचं वाक्य... पण लवंग. ती जिभेने मागे सारायची, पदर वर घ्यायचा, श्वास आत ओढायचा... तेवढ्यात भाईने, तिच्या थोरल्या भावाने, उत्तर देऊन टाकलं, "विज्ञान आणि आरोग्य. मुलींना स्वच्छता शिकवते ती." आरोग्य! हसावं की रडावं? मधू क्षणभर तिच्याकडेच बघत राहिला, उत्तर तिच्याकडूनच हवं होतं त्याला — की मलाच तसं वाटलं? — आणि मग तोही पोह्यांकडे वळला. यशोदाने नुसती मान डोलावली.

"चेडू बरां आसा," ती आत वळताना राधाबाई तिच्याबद्दल म्हणाली. "उलट बोलणारां नाय. आमका असांच व्हयां होतां."

मागीलदारी, धुण्याच्या दगडापाशी, तिने लवंग थुंकून टाकली. अशी तिडीक गेली डोक्यात! राग कुणाचा, जंतूंचा? ते तर राधाबाईच्याही तोंडात असतील, खुशाल असतील, आणि ती बघ कशी घडाघडा बोलते. भाईचा राग, माईचा राग, आणि सगळ्यांत जास्त त्या मान डोलावणाऱ्या बाईचा. त्यांनी पसंत केली ती कोण? गालात लवंग धरून बसलेली कुणीतरी. मी नव्हे. मला त्यांनी पाहिलंच नाही अजून.

माई साखरेची वाटी घेऊन धावत आली. "यशोदे, होकार इलो गो! आ कर, आ कर बघूया..."

सकाळपासून तोंड मीट, आणि आता आ कर.

"माई, माका त्येंका एक विचारूचां आसा."

हे तिने अगदी जवळून म्हटलं. माईने सवयीने तोंड बाजूला वळवलं, साखरेची चिमूट बोटांतच राहिली. "आता काय विचारूचां? उठतत ते, चपला घालतत..."

यशोदाचा हात पदराकडे गेला आणि मध्येच थांबला. हिरडीतून रक्त आलं होतं, त्याची खारट चव जिभेवर पसरली, लवंगेशिवायची. ओटीवरून राधाबाईचं हसणं ऐकू येत होतं. वास येईल. येऊ दे... तिने माईचा हात हलकेच बाजूला केला आणि ती ओटीकडे वळली. वाक्य तोंडात तयार होतं, आणि पदर खांद्यावरच होता.