दिव्याचं भाषण ऐकलेला माईक

मित्रांनो, मी इब्राहीमभाऊंच्या साऊंड सर्व्हिसचा जुना माईक. माझी जाळी चेपली आहे, गळ्याला काळी टेप आहे. चामोर्शीच्या दुकानात नवा आलो तेव्हा भाऊ मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवत. लग्नं झाली, नाटकं झाली, प्रचारसभांत पुढाऱ्यांची थुंकीही खाल्ली. खोटं बोलताना कुणाचा श्वास अडकत नाही, हे मी तिथंच शिकलो. अडकतो तो लेकरांचा.

जंगलाच्या काठच्या एका गावात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. दुपारी भाऊ वायर ओढत होते. सातवीतली दिव्या येऊन उभी राहिली.

"काका, मले भाषण द्याचं आहे. भेव लागते."

"मोहफुलं वेचाले जातेस ना मायसंगं? तिथी ओ कशी देतेस?"

"तिथी तं जोरानं द्या लागते. नाई तं वाघ येते."

"मंग तशीच बोल. इथी काही वाघ नाई बसला."

भाऊ चुकले.

मोहफुलं वेचताना बाया झाडांआड पांगतात, पण एकमेकींना हाळी देत राहतात. ओ आली नाही की सगळ्या धावतात. त्या जंगलानं दिव्याला खणखणीत आवाज दिला होता. मी बंद होतो, तरी ती माझ्यासमोर दुपारभर बोलली. हळूहळू गळा मोकळा झाला.

संध्याकाळी पहिलं वाक्य छान आलं. दुसरं अडकलं. तिला फक्त एक श्वास हवा होता. सूत्रसंचालन करणाऱ्या खुशाल सरांनी मला तिच्या तोंडासमोरून ओढलं आणि म्हणाले, "बॅटरी उतरली वाटते हिची."

अख्खं गाव हसलं. मोठी माणसं जास्त हसली. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव बॅटरी पडलं. दिव्या वर्गात बोलेना. विहिरीवर बोलेना. मोहाच्या दिवसांत जंगलात गेली, तिथंही ओ देईना.

"ओ दे ना वो पोरी, जीव टांगणीले लागते," तिची माय भागीरथाबाई विनवायची.

"राहू द्या ना बाई, बॅटरी चार्जिंगले लावली असन," बाकीच्या बाया हसायच्या. पुढं पुढं तिच्या ओची कुणी वाटच बघेना.

त्याच दिवसांत भाऊंनी मला ऑटोवर बांधून गावभर फिरवलं. वाघ फिरतो आहे, एकटं जाऊ नका, आवाज करत राहा. मी घसा फोडून सांगितलं.

एका सकाळी भागीरथाबाईनं हाळी दिली. ओ आली नाही. रोजच येत नव्हती. म्हणून कुणी धावलं नाही.

शोकसभेला शाळेच्या पटांगणात मीच होतो. खुशाल सर म्हणाले, "दिव्या धीट मुलगी होती." तेही मी दूरवर पोचवलं. मग भागीरथाबाई आली. ओठ हलले, शब्द फुटेना. बराच वेळ ती तशीच उभी. गाव चिडीचूप. कुणी हसलं नाही.

"माह्या पोरीच्या वेळेले," ती शेवटी म्हणाली, "असेच चूप बसले असते तं?"

आणि खाली उतरली.

मित्रांनो, उद्या तुमच्या शाळेत कुणीतरी माझ्यासमोर अडकेल. पुढचा शब्द वाटेत असतो, त्याला येऊ द्या. थांबा. आणि हसूच आलं, तर आधी जंगलाकडे बघा.