गैरहजर उमेदवार

ब्रॅडशॉ साहेबाला महिपती 'मास्तर' म्हणायचा, आणि तेही मनातल्या मनात, कारण उघड म्हटलं असतं तर गावाकडच्या खऱ्या मास्तरांचा अपमान झाला असता.

आखातातल्या दुखानच्या तेलकंपनीत महिपती वेल्डर होता आणि साहेब कामगार-कल्याण ऑफिसर. विलायतेत म्हणे हा युनियनच्या कॉलेजात शिकवायचा, आणि मजूर पक्षाच्या तिकिटावर दोनदा खासदारकीला उभा राहून दोन्ही वेळा सपशेल आपटला होता. मग कुणीतरी कानात सांगितलं असणार की वाळवंटात टॅक्स लागत नाही. आला लगेच. बंगला मिळाला, थंडगार गाडी मिळाली. पण कष्टकऱ्यांना शहाणं करायची खाज काही गेली नव्हती, ती भागवायला कॅम्पातली माणसं आयतीच सापडली.

दर गुरुवारी संध्याकाळी कँटीनच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. फळ्यावर युरोपचा नकाशा. जर्मनीत मजुरांनी संघटना कशी बांधली, स्वीडनमध्ये मतं कशी जमवली, मग आपलं सरकार कसं आणलं, सगळं साग्रसंगीत. ऑफिसात कारकून असलेला श्रीवर्धनचा रहमान ते हिंदीत सांगायचा. 'युनियन' शब्द आला की साहेब दरवाजाकडे बघून आवाज खाली आणायचा, कारण ह्या मुलखात युनियनला बंदी. माणसं यायची ती एसीसाठी आणि चहा-बिस्किटांसाठी. निम्मी डोळे मिटून डुलक्या काढायची, आणि साहेबाला वाटायचं, काय एकाग्रता आहे!

"उंटावरून शेळ्या हाकतोय लेकाचा," महिपती म्हणायचा, "आणि उंटपण कंपनीचा."

मे महिन्यात रत्नागिरीचा अबूबकर पाइपलाइनवर काम करता करता भोवळ येऊन कोसळला. वाचला, पण कसाबसा. दुपारच्या वेळी लोखंडाला हात लागला तर कातडं सोलून निघेल असलं ऊन. माणसांनी रहमानला पुढं घातलं आणि साहेबाला विनवलं, की दुपारचं काम बंद ठेवून पहाटे लवकर सुरू करा, एवढं मॅनेजरसाहेबांच्या कानावर घाला.

साहेबाचा चेहरा असा खुलला की जसं काही सासऱ्यानं गाडीच दिली. "मी कशाला सांगू? तुम्ही सांगा! आपण कामगारांची समिती नेमू. तुमचा प्रतिनिधी तुम्हीच निवडा, गुप्त मतदानानं. युरोपात असंच झालं!"

मॅनेजर ह्याच्या शेजारच्या बंगल्यात राहतो, रोज संध्याकाळी दोघं टेनिस खेळतात. एका वाक्याचं काम. पण नाही, त्यासाठी स्वीडनवरून वळसा!

खोलीवर बैठक बसली. पुढं होणार कोण? मागं जेवणावरून बोलायला गेलेल्या एका मल्याळी मेस्त्रीला कंपनीनं अंगावरच्या कपड्यांनिशी विमानात बसवलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा महिपतीनं गावाकडची युक्ती काढली. त्याच्या गावात जत्रेच्या वर्गणीची कमिटी करायची म्हटली की जो बैठकीला नसेल त्यालाच अध्यक्ष करायचे. हजर असलेला माणूस नाही म्हणतो, गैरहजराला तोंडच नसतं.

"धोंडीराम!" महिपती म्हणाला. "तो गेलाय पोरीच्या लग्नाला. इथं नाहीच, तर त्याला विमानात बसवणार कसा? येईल तोवर इथला बार उडून गेलेला असेल."

सगळ्यांना पटलं. महिपतीला स्वतःच्या अकलेचं भारी कौतुक वाटलं. धोंडीराम त्याच्याच गावचा, क्रेन चालवणारा, वरच्या बाकड्यावर झोपणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या पगारावर त्याचं घर चालायचं आणि त्याची विधवा बहीण बायडाबाई, तिचंही.

मतदान झालं. एकूण एक मत धोंडीरामला. साहेबाचे डोळे पाणावले. असली एकजूट त्यानं आख्ख्या युरोपात बघितली नव्हती. निवडून आलेला माणूस रजेवर आहे हे कळल्यावर तर तो आणखीच विरघळला. "समोर नसतानाही एवढा विश्वास!" त्यानं धोंडीरामचं नाव, चार कौतुकाची वाक्यं जोडून, मॅनेजरकडे पाठवून दिलं. त्या संध्याकाळी महिपती पोट दुखेपर्यंत हसला.

दुपारचं काम तसंच चालू होतं, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रहमान यार्डात आला. त्याचं तोंड उतरलेलं.

"महिपतभाऊ, धोंडीरामचा परतीचा व्हिसा अडवला. वरनं हुकूम आहे, पुढारी माणूस नको. खलास."

महिपतीच्या हातातला वेल्डिंगचा टॉर्च विझवायचाच राहिला. मग तो कामाच्या कपड्यांतच रहमानला ओढत साहेबाच्या बंगल्यावर गेला. साहेब रेडिओशेजारी डोकं धरून बसला होता. विलायतेत निवडणुकीचा निकाल लागला होता आणि त्याच्या पक्षाची धूळधाण उडाली होती. महिपतीला वाटलं, ह्याच्या घरात कुणी गेलं की काय.

रहमाननं धोंडीरामचं सांगितलं. साहेबानं लांब उसासा सोडला. "फार वाईट झालं. पण व्हिसा हा कंपनीचा अधिकार आहे. आज माझेही लोक हरले. लोकशाहीत हरायलाही शिकावं लागतं."

"काय म्हणाला?" महिपतीनं विचारलं. रहमाननं मान खाली घालून सांगितलं.

"त्याला सांग, तू हरलास तर तुला बंगला मिळाला. धोंड्या जिंकला तर त्याच्या पोटावर पाय आला. तुझी ही असली निवडणूक चुलीत घाल!"

रहमाननं ह्यातलं किती सांगितलं देव जाणे. साहेबानं समजूतदारपणे मान हलवली आणि रेडिओचा आवाज वाढवला.

पुढच्या गुरुवारी हॉल गच्च भरला होता. साहेब पुन्हा ताजातवाना. हातात खडू घेऊन म्हणाला, "प्रतिनिधीची जागा रिकामी झाली आहे. तेव्हा आज पोटनिवडणूक! शिकायची नामी संधी आहे. कुणाचं नाव?"

लाज नावाची चीज ह्या माणसाला आईनं दिलीच नव्हती! महिपती ताडकन उठला.

"माझं लिही."

साहेबाचा चेहरा पडला. त्यानं दरवाजाकडे बघितलं, घाईघाईनं महिपतीजवळ आला, आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत कुजबुजला, "नहीं, महिपती. तुमको भी भेज देगा. घर का सोचो."

महिपतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. "धोंड्याचं नाव वर पाठवताना ठाऊक होतं तुला!"

साहेबाला मराठी येत नव्हती. तरी त्यानं नजर चुकवली. आता ह्याच्या तोंडावर थुंकायचं म्हणून महिपती पुढं सरकला, आणि जागच्या जागी थांबला. ठाऊक कुणाला नव्हतं? त्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला होतं, आणि नाव सुचवलं होतं ते ह्या भडव्या साहेबानं नव्हे. साहेबाचा तिरस्कार करता करता तो त्याच्याच पंगतीला जाऊन बसला होता, मांडी घालून.

त्यानं साहेबाच्या हातातून खडू काढून घेतला आणि नकाशावरच, युरोपच्या आडवं, आपलं पूर्ण नाव मराठीत लिहिलं. मागं कुणीतरी "अरे, खुळा झाला काय हा!" म्हणालं.

"रहमान," महिपती म्हणाला, "ऊठ. मॅनेजरकडे चल माझ्याबरोबर. त्याला सांग, धोंडीरामला ह्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्याचं नाव मी घातलं. पुढारी पाहिजे असेल तर हा उभा आहे, ह्याला पाठवा आणि त्याला बोलवा."