ठिगळीचा एक धड फोटो

मशीनच्या पायडलशेजारी रोज एक ऊब पसरलेली असायची. पांढरी, लोळागोळा झालेली, डाव्या कानावर जणू काळ्या कापडाचा तुकडा जोडलेली. म्हणून तिचं नाव ठिगळी. शिवणमावशी शाळेच्या गणवेशांना बाह्या जोडत असत, मशीन खडखडत असे, आणि त्या खडखडाटातही ठिगळीची घुरघुर त्यांना पोटरीला ऐकू येई. पोटरीलाच. काही आवाज कानांच्या वाट्याचे नसतात.

त्या दुपारी पोटरीला काही ऐकू येईना. मावशी खाली वाकल्या. पायाशी नुसतं रिकामं रीळ. मान वर केली, तर खिडकीची जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली आणि खिडकी सताड उघडी.

"अहो! जाळी कोणी काढली?"

"मीच," आतून काका, म्हणजे मावशींचे यजमान, खुशीत म्हणाले. "गंज काय सुंदर चढलाय गं तिला! उजेडात धरून फोटो घेतले. बघतेस?"

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिथेच मुक्काम ठोकून राहिली.

हे काका निवृत्त होईपर्यंत छापखान्यात तपासनीस होते. एक रेघ हलली, एक अक्षर धुरकट उमटलं, की अख्खा गठ्ठा परत. घरी चहा फिका झाला तरी म्हणत, "शाई कमी पडली." आणि निवृत्तीनंतर मुलीने कॅमेरा भेट दिला काय, हे कुठल्याशा शिबिराला जाऊन आले काय, माणूस अस्तराची बाजू वर करून घातलेल्या कोटासारखा उलटा झाला. समोर दिसतं ते टिपायचं नाही, असं तिथे शिकवलं म्हणे. मुलीच्या नव्या घरी गेले आणि फोटो घेऊन आले तो गळक्या नळाखालच्या डागाचा. भावाच्या वाढदिवसाला सगळं गोत एका रांगेत उभं केलं आणि टिपल्या त्या रांगेच्या सावल्या. थोरल्या जावेने तोंडावर विचारलं, "भावोजी, यातली मी कुठली? जाड सावली माझी असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे जेवायला थांबत नाही."

तेव्हा मावशी हसल्या होत्या. आता हसू कुठल्या कुठे पळालं. त्यांनी जिने पालथे घातले, गच्चीवर गेल्या, मागच्या बोळात उभ्या राहून ठिगळीला बोलवायच्या आपल्या दोन ओळी म्हटल्या:

"ये गं ठिगळे, ये गं, दोऱ्याचं रीळ घे गं,
शेपटीचा झोका माझ्या पायाला दे गं."

एरवी या ओळी कानी पडल्या की ठिगळी असेल तिथून धावत येई. आज फक्त एका खिडकीतून कुणीतरी डोकावलं आणि पडदा ओढला.

"तिचा फोटो काढा बाहेर," घरी येऊन मावशी म्हणाल्या. "कागद छापू, चौकाचौकांत लावू."

काकांनी कॅमेरा पुढे धरला. पडद्यावर राखाडी धूर होता.

"हे काय?"

"तिची जांभई. आतून."

"पुढचा."

पुढच्यात फरशी होती. नुसती फरशी.

"ही शेपटी निघून गेल्यानंतरची जागा," काका हळुवारपणे म्हणाले.

"ती जागा मला दुपारपासून अख्ख्या घरात दिसतेय! तिचा फोटो कशाला हवा? अहो, मांजराचे ढीगभर फोटो, आणि त्यात मांजर औषधालाही नाही?"

"अगं, हे अमूर्त आहे. यात मांजर नाही शोधायची. मांजरपण आहे ते."

"मांजरपण दूध पीत नाही. मला दूध पिणारी हवी आहे."

शेवटी त्यातल्या त्यात एक निवडला. पांढरं धुकं आणि त्यात घुसलेली एक काळी पाचर. तो ठिगळीचा डावा कान होता, हे मावशींना ठाऊक म्हणून कळलं. शाळा उघडायला आली होती, गणवेशांचा ढीग डोक्याएवढा झाला होता, म्हणून कागदाचं काम त्यांनी काकांवर सोपवलं.

"खाली ठसठशीत लिहा. मांजर हरवली आहे. कळलं का?"

"उभं आयुष्य छापखान्यात घालवलंय मी. मला कागद शिकवतेस?"

काका गेले, जुन्या छापखान्यातून कागद छापून आणले आणि परस्पर लावूनही आले. मावशी मशीनवर बसून राहिल्या. पाय पायडलवर, कान दारावर. वाटीतल्या दुधावर साय धरे, ती टाकून त्या पुन्हा ताजं दूध ओतत. रात्री पायांवरचं पांघरूण हलकं हलकं वाटे, आणि इतकं हलकं पांघरूण अंगावर घेऊन झोप लागत नाही. खबर घेऊन कुणी आलं नाही.

मग एका दुपारी चारच्या ठोक्याला दार वाजलं. मावशी तोंडातल्या टाचण्या काढत धावल्या. दारात चार-पाच जण. पुढे एक चष्मेवाल्या बाई.

"सापडली?" मावशींनी श्वास रोखून विचारलं.

"हो, जागा लगेच सापडली," बाई हसून म्हणाल्या. "प्रदर्शन इथेच ना?"

त्यांच्या हातात तो कागद होता. जाड, सायीच्या रंगाचा. मधोमध धुकं आणि पाचर. खाली नाजूक अक्षरांत 'ठिगळी', त्याखाली घराचा पत्ता, त्याखाली 'चार ते सात'. बस्स. मांजराचा म सुद्धा नाही.

"अहोऽऽ!"

काका आले, आणि पाहुणे बघून त्यांचा चेहराच उजळला.

"मांजर हरवली आहे, हे कुठंय यात?"

"ते फार जागा खात होतं गं. आणि चित्राखाली स्पष्टीकरण आलं की चित्र मरतं."

"आणि चार ते सात?"

"दिवसभर लोक आले असते तर तुझ्या शिवणाचा खोळंबा झाला असता ना," काका म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, म्हणून मावशींना जास्तच चीड आली. लबाड माणसावर ओरडता तरी येतं.

पाहुणे तोवर आत आले होते. काकांनी लगबगीने आपले फोटो आणले आणि मावशींनी गणवेश टांगायला बांधलेल्या दोरीवरच चिमटे लावून टांगले. जांभई, फरशी, जाळीचा गंज, मध्ये एक सदरा, मग पुन्हा गंज. चष्मेवाल्या बाई सदऱ्यापाशी थबकल्या. त्याला एकच बाही होती.

"ही अपूर्णता..." त्या पुटपुटल्या.

"तिसरीतल्या पोराचा सदरा आहे तो! दुसरी बाही तुमच्या पायाखाली आहे, पाय उचला!"

बाईंनी पाय उचलला. सगळ्यांनीच उचलला, आणि हळूहळू एकेक जण जिन्याकडे सरकला. राहिला तो एक दाढीवाला. पन्नाशीचा, आवाज मऊ, कोपराला कोट विरलेला. तो कानाच्या फोटोपुढून हलेना.

"हे चित्र मी रोज बघतो," तो म्हणाला. "दुधाच्या दुकानाशेजारी लावलंय ना, तिथे. जाता-येता थांबतो. या काळ्यात फार एकटेपण आहे हो."

"मांजराचा कान आहे तो."

दाढीवाला समजूतदारपणे हसला. "तुम्हाला तसं दिसतं?"

"दिसत नाही! आहेच तो!"

"असेलही. ज्याला जे दिसेल ते. माझं म्हणाल, तर पूर्वी मी दुधाच्या दुकानाकडे फिरकतसुद्धा नव्हतो. एकटा माणूस, कोरा चहा पिणारा. पण हल्ली घरी एक पाहुणी आलीय, खिडकीतून. तिच्यासाठी दूध न्यावं लागतं. पांढरीशुभ्र, आणि डाव्या कानावर एक काळा..."

तो थांबला. त्याने फोटोकडे पाहिलं. मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. काकांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे," मावशींचा आवाज आधी खालीच होता, कापडावर कात्री टेकवावी तसा, "तुम्ही माझ्या मांजरासाठी दूध आणायला जात होता. आणि वाटेत माझ्याच मांजराचा कान बघत उभे राहत होता. आणि घरी जाऊन त्याच कानाला खाजवत होता!" मग कात्री चालली. "आणि तुम्ही, अहो, इकडे बघा! ज्याच्या मांडीवर मांजर बसलीय, त्याला दाखवूनसुद्धा ओळखू येत नाही, असा फोटो काढलात तुम्ही! छापखान्यात कुणी असं चित्र छापलं असतं तर उभा जाळला असतात त्याला! मी इथे दुधावरची साय टाकत बसले, आणि तुम्हाला मांजर जागा खाते? कान द्यायचा होता ना, तर दोन द्यायचे होते, मधे डोकं ठेवून!"

काकांनी एवढंच विचारलं, "जायचं का आणायला?"

दाढीवाल्याचं घर मागच्याच बोळात निघालं. त्या दिवशी ज्या खिडकीचा पडदा ओढला गेला होता, तेच. एक खोली, एक खुर्ची, खुर्चीवर शाल, आणि शालीवर ठिगळी, जणू जन्मापासून तिथलीच. खाली निळ्या काठाची कोरी बशी. मावशींनी दोन ओळी म्हटल्या. दुसरी त्यांनी रागानेच म्हटली. ठिगळीने एक डोळा उघडला, अंग लांबवलं, काकांना वळसा घातला आणि मावशींच्या पावलावर येऊन बसली.

"तुम्ही खिडकीखाली हेच म्हणत होतात होय," दाढीवाला म्हणाला. "मला वाटलं, बाळासाठी." मग वाकून तो बशी उचलू लागला आणि ती नक्की कुठे ठेवायची ते त्याला सुचेना. मावशींना त्याच्यावर आणखी ओरडायचं होतं, पण त्या खोलीत राग ठेवायला कुठे जागाच सापडेना. म्हणून त्यांनी तो उचलून पुन्हा नवऱ्याकडे नेला.

"काढा फोटो. आत्ता. इथेच. अख्खी मांजर हवी. कान दोन, डोळे दोन, शेपटी एक. मांजरपण आलं तर कॅमेरा विहिरीत जाईल."

त्यांनी ठिगळीला उचलून छातीशी धरलं. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि फार दिवसांनी त्यांच्या तोंडून छापखान्यातला आवाज निघाला. "जरा डावीकडे. शेपूट रेषेत घे. अजून. हां, जुळलं."

तो फोटो आता मशीनच्या वर टांगलेला आहे. मिशीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत केस न् केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ. तिला धरलेले दोन हात आहेत, बोटातलं शिवणाचं टोपण आहे, गळ्याशी पदराला टोचलेली सुई आहे. त्याच्या वर काही नाही.

"माझं मुंडकं कुठंय?"

"तू म्हणालीस अख्खी मांजर. तुझं कुठे बोललीस?"

रविवार होता. ठिगळीला भेटायला आलेला दाढीवाला बशी घेऊन खाली बसला होता. त्याने वर पाहिलं, दाढी कुरवाळली. "पण खरं सांगू का, या नसण्यात एक..."

"तुम्ही दूध ओता," मावशी कडाडल्या, आणि त्यांनी पायडल असं दाबलं, की ठिगळी दचकली, उठली, आणि बशीकडे न जाता त्यांच्या पोटरीला लागून पुन्हा पसरली.