गव्याचा डावा कान

रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी संग्रहालयातला पेंढा भरलेला गवा डाव्या कानातून रडू लागला.

गवा मरून सत्तर वर्षं झाली होती, तेव्हा रडायला त्याला तसा उशीरच झाला होता. गेली एकवीस वर्षं प्राण्यांवरची धूळ झटकणाऱ्या शिपाईबाई, शेवंताबाई, यांनी आधी छताकडे पाहिलं. छत कोरडं होतं. मग त्यांनी गव्याच्या कानाखाली बादली ठेवली आणि त्या उकिडवे सरांकडे गेल्या.

"सर, गवा गळतोय."

"कुठून?"

"डाव्या कानातून."

शशिकांत उकिडवे व्याख्यानासाठी खुर्च्या मांडत होते. हातातली खुर्ची त्यांनी उघडली, मिटली आणि पुन्हा उघडली. "पाणी असेल," ते म्हणाले.

"खारट आहे. चाखून बघितलं मी. साधं पाणी असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते? प्लंबरकडे नसते गेले?"

उकिडवे संग्रहालयाच्या लोकशिक्षण विभागाचे प्रमुख होते. विभागात ते एकटेच असल्यामुळे त्यांच्या प्रमुखपदाबद्दल कधी वाद झाला नाही. एकतीस वर्षं त्यांनी शाळांच्या सहली फिरवल्या, मे महिन्यात 'हाडं ओळखा' शिबिरं घेतली, रविवारची व्याख्यानं ठेवली. संग्रहालयाचा एक जुना दंडक होता. मुलाने प्रश्न विचारला की उत्तर द्यायचंच. 'माहीत नाही' हे शब्द इमारतीत उच्चारायचे नाहीत. पहिल्या क्युरेटरसाहेबांचं म्हणणं असं की, ते तर मुलं घरी फुकटात ऐकतात, त्यासाठी तिकीट कशाला काढायला लावायचं?

उकिडव्यांनी दंडक पाळला. सहलीची चाळीस मुलं, बस सुटायला पाच मिनिटं, मागून बाईंची शिट्टी. अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीबाही निघतं. मुंगूस मंगळवारी साप खात नाही, हे असंच निघालं होतं. मगर जन्मात एकदाच मागे वळून पाहते, हेही. आणि सव्वीस वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "गवा कुठून रडतो?" तेव्हा ते म्हणाले होते, "डाव्या कानातून."

आज साडेदहाला त्याच मुलीचं व्याख्यान होतं.

डॉ. वैजयंता लोखंडे वेळेवर आल्या. आल्या त्या थेट उकिडव्यांपाशी, आणि वाकून नमस्कार केला. उकिडव्यांनी पाय मागे घेतले, पण नमस्कार पोचला होता.

"सर, अजून तस्सेच आहात!"

"वैजू, जरा बोलायचं होतं. दोनच मिनिटं. व्याख्यानाच्या आधी."

"नंतर निवांत बोलू ना, सर. आज मी तुमच्यावरच बोलणार आहे."

इथे त्यांनी बोलून टाकायला हवं होतं. ते म्हणाले, "बरं."

तेवढ्यात सभागृह एका रांगेने आखडलं.

सभागृह म्हणजे सस्तन प्राण्यांचं दालनच. गव्याच्या पुढ्यात व्यासपीठ टाकायचं आणि समोर खुर्च्यांच्या बारा रांगा. त्यातली चौथी रांग आता नव्हती. त्या रांगेतली माणसं तक्रार न करता उठली आणि पुढच्या रांगेतल्यांच्या मांडीवर बसली. एका गृहस्थांनी बसण्यापूर्वी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, इतकंच. उकिडवे दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बसले होते. बाराव्या रांगेतले ते जागचे न हलता अकराव्या रांगेत आले. दार भिंतीत गेलं आणि भिंत त्यांच्या पाठीला टेकली.

संचालक निमकरांनी प्रास्ताविक केलं. डॉ. लोखंडे यांनी गव्यावर पंधरा वर्षं काम केलं आहे, त्यांचा 'डावा कान' हा धडा येत्या जूनपासून पाचवीच्या पुस्तकात येतो आहे, आणि या ज्ञानाचा उगम याच दालनात झाला आहे, वगैरे. "आणि आज," निमकर मागे हात करून म्हणाले, "खुद्द विषयच हजर आहे, भावनावश होऊन." टाळ्या पडल्या. शेवंताबाईंनी बादली बदलली.

आता उठावं, असं उकिडव्यांच्या मनात आलं. 'तो धडा थांबवा', एवढं वाक्य घशापर्यंत आलं. शेजारच्या बाईंनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि त्यांनी ते गिळलं. सातवी रांग गेली.

शेजारच्या दालनाच्या कमानीतून मगर दिसत होती. तिने सावकाश मान वळवून मागे पाहिलं. जन्मातलं एकुलतं एक पाहणं तिने उकिडव्यांवर खर्च केलं आणि मान पुन्हा सरळ केली. मुंगसाचं काही कळलं नाही, कारण वार रविवार होता.

वैजयंता बोलायला उभी राहिली. कागद तिने आणलेलाच नव्हता.

"मी चौथीत असताना माझे बाबा गेले," ती म्हणाली. "बारा दिवस घरात माणसांची रीघ होती. सगळे रडत होते. मला रडू येईना. आत्या म्हणाली, पोरगी आहे की पाटा? मला चिमटेसुद्धा काढले. तेराव्या दिवशी शाळेत गेले तर शाळेची सहल इथे निघालेली. या गव्याच्या समोर उभी राहिले. एवढा मोठा प्राणी, आणि त्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं."

"काचेचे आहेत ते," शेवंताबाई हळूच म्हणाल्या.

"मी सरांना विचारलं, हा कुठून रडतो? सरांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, डाव्या कानातून. म्हणजे तो रडतो, फक्त लोकांना दिसत नाही. घरी गेले, आत्याला म्हटलं, मीसुद्धा तिकडूनच रडते. डाव्या कानात कापसाचा बोळा घातला. रोज सकाळी तो ओला निघायचा."

पहिल्या रांगेतल्या मुलांनी डाव्या कानाला हात लावून पाहिला.

उकिडव्यांना त्या दिवसाचं आठवत होतं ते एवढंच की उत्तर देताना त्यांनी घड्याळाकडे पाहिलं होतं. मुलीचा चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांचे कान तापले, मग मान, मग तळहात. आत्ता सांगितलं तर तिच्या बारा दिवसांचं काय होईल, या विचारात त्यांनी आणखी एक वाक्य गिळलं, आणि ते लांबलचक असल्यामुळे पहिली सोडून उरलेल्या सगळ्या रांगा एकदम गेल्या. माणसांच्या मांडीवर माणसं, त्यांच्या मांडीवर माणसं, अशी सभा छताकडे चढत चालली. वरच्यांनी डोकी तिरकी केली. कुणीतरी उंचावरून म्हणालं, "पंख्याला जपा हो."

खुर्ची गेल्यामुळे उकिडवे उभे राहिले, आणि त्यांचे गुडघे व्यासपीठाला टेकले. वैजयंता हातभर अंतरावर होती. गव्याचा ओला वास येत होता. पेंढ्याचाही.

"सर स्वतःच पुढे आलेत," वैजयंता आनंदाने म्हणाली. "सर, दोन शब्द बोला ना."

शेवंताबाईंनी त्यांच्या हातात माईक दिला आणि कानाशी पुटपुटल्या, "बोलून टाका एकदाचं. बादल्या संपल्यात."

"वैजू," उकिडवे म्हणाले, "ती थाप होती."

"कोणती, सर?"

"कानाची. मला ठाऊक नव्हतं. बस सुटत होती. तोंडाला आलं ते बोललो. उजवा म्हणालो असतो तर तू उजव्या कानात कापूस घातला असतास."

सभेने गव्याकडे पाहिलं. गवा डाव्या कानातून धार लावून रडत होता.

"उकिडवे," निमकर खालच्या आवाजात म्हणाले, "पुरावा समोर गळतोय. विनय पुरे. बसा."

"बसायला जागा नाही, साहेब."

"मग उभ्या उभ्या गप्प राहा. पुस्तकं छापून झाली आहेत."

मांड्यांवरच्या मांड्यांवरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "किती साधा माणूस!" असं एक बाई दुसरीला म्हणाल्या. एका आजोबांनी वरून हात लांबवून उकिडव्यांच्या डोक्यावर ठेवला. उकिडव्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वैजयंता मात्र हसत नव्हती. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"मग आता तरी माहीत आहे का तुम्हाला?" तिने विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"मान नको, सर. तोंडाने सांगा. मी तोंडानेच विचारलं होतं."

उकिडव्यांनी ते शब्द या इमारतीत कधी वापरले नव्हते. पहिला शब्द निघाला, मग बऱ्याच वेळाने उरलेले दोन.

"मला माहीत नाही."

गव्याचं रडणं थांबलं. शेवटचा थेंब बादलीत पडला आणि तो सगळ्यांनी ऐकला. शाळकरी मुलांनी कानावरचे हात काढले. निमकरांनी खिशातून धड्याचा छापील नमुना काढून पाहिला. पानं कोरी होती, खाली फक्त स्वाध्याय उरला होता.

"मग सर," वैजयंता अगदी हळू म्हणाली, "इतकी वर्षं मी कुठून रडत होते?"

उकिडव्यांना उत्तर सुचलं. एकतीस वर्षांची सवय होती, लगेच सुचलं, आणि चांगलं होतं. तिला पटलं असतं. तिच्या डोळ्यांत त्याच उत्तराची वाट पाहिल्यासारखं काहीतरी थांबलंही होतं. उत्तर जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं आणि उकिडव्यांनी दात मिटून घेतले. या वेळी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाहवत नव्हतं, तरी पाहिलं.

"माहीत नाही, बाळ," ते म्हणाले.

 

मग चौथऱ्याच्या फळ्या करकरल्या. गव्याने एकेक खूर उचलून खाली ठेवला, आणि वाटेत पेंढा सांडत तो वैजयंताच्या मागे येऊन रांगेत उभा राहिला. त्याचे काचेचे डोळे उकिडव्यांवर होते. मग त्याने पुढचा उजवा पाय वर केला.

शेवंताबाईंनी उकिडव्यांच्या हातातून माईक काढून घेतला आणि गव्याच्या तोंडाशी धरला.

"आधी नाव सांगायचं," त्या म्हणाल्या, "मग शाळा, आणि मग प्रश्न."